साळवण्याच्या वाळूतला झिरा

बडनेऱ्याच्या फलाटावरून गाडी हलली तेव्हा मला हसू येत होते, आणि ते लपवण्यासाठी मी खिडकीबाहेर तोंड काढून बसलो. बायको जाऊन अजून वर्ष व्हायचे होते. अशा माणसाने प्रवासाला निघताना हसू नये हे मला कळत होते. पण अमरावतीच्या शाळेत मी भूगोल शिकवतो. निळ्या खडूने अरबी समुद्र काढून काढून माझी बोटे निळी झाली आहेत. एका मुलाला चंद्र आणि एकाला सूर्य करून मी भरती-ओहोटी समजावून देतो. आणि समुद्र म्हणून मी कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. आता गाडी त्याच्याच दिशेने चालली होती.

समोरच्या बाकावर माझ्या सासूबाई पाय वर घेऊन बसल्या होत्या. आमच्या वऱ्हाडात सासूला मामी म्हणतात, म्हणून मीही त्यांना मामीच म्हणतो. त्या दर्यापूरकडच्या एका खेड्यातल्या, विधवा, मुलाच्या संसारात शेत आणि ढोरे सांभाळणाऱ्या. त्यांचे गाव खारपाण पट्ट्यात (जिथल्या विहिरींना खारे पाणी लागते त्या पट्ट्यात) आहे. अकोल्यापलीकडे त्या कधी गेल्या नव्हत्या.

आम्हा दोघांचा हा जोडप्रवास ठरला तो असा. कार्तिकात माझी बायको वच्छला गेली. थंडीभर मी खोकत होतो. शाळेतले माझे कोकणातले सोबती बापट मास्तर म्हणाले, की साळवणे बंदरात आमचे घर रिकामे आहे, किल्ली घ्या आणि उन्हाळ्याच्या सुटीत हवा पालटून या. गावालगत समुद्रकाठी म्युनिसिपालटीने लोकांच्या हवाखोरीसाठी एक मोठी जागा राखली आहे, सुरूची झाडे लावली आहेत, तिथे नुसते बसलात तरी बरे व्हाल. त्याच सुमारास मामी अमरावतीला आल्या होत्या, आखाजीचे बोलायला.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. त्या दिवशी आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने मातीची कोरी घागर पाण्याने भरतात, वर आंबा ठेवतात. बाई अहेवपणी गेली असेल तर एका सवाष्णीला जेवू घालतात. पहिल्या वर्षाची घागर सगळ्यांत महत्त्वाची. ती भरेपर्यंत गेलेला जीव तहानलेला असतो, असे मामी मानतात. मी मानतो की नाही हे त्यांनी मला कधी विचारले नाही, आणि मीही स्वतःला विचारले नव्हते. वच्छलेची घागर चुकू द्यायची नाही, एवढे एकच मागणे घेऊन त्या आल्या होत्या. समुद्राचे बोलणे कानावर पडताच त्यांनी मनात तिथीचा हिशेब केला आणि म्हणाल्या, की चैत्री अमावास्येला समुद्राचे स्नान करू, त्याच दिवशी परत निघू, आखाजीला घरी.

शेजारच्या काकू दारात येऊन म्हणाल्या की वर्षाच्या आत तीर्थाला जात नसतात. मामी गाठोडे बांधत होत्या. त्यांनी वरही पाहिले नाही.

“तीर्थाले कोण चाललं? हवा खायले चाललो. हवेले सुतक नसते.”

मुंबईविषयी मी लिहीत नाही. ती आम्ही धक्क्यावर पोचण्याच्या घाईत पाहिली, आणि घाईत पाहिलेल्या गावाबद्दल लिहू नये. आगबोट संध्याकाळी सुटली. काळोख पडण्याआधीच मला बोट लागली. मी डेकवर एका दोरखंडाच्या वेटोळ्याला डोके टेकून पडलो, आणि ज्या समुद्रासाठी आलो त्याच्याकडे पाठ करून रात्र काढली. मामी कोकणच्या बायकांच्या घोळक्यात बसून दशम्या आणि मिरचीचा ठेचा वाटत होत्या. बोट त्यांना कशी लागत नाही असे एकीने विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या की सारा जन्म बैलगाडीत गेला, हे काय हलणे आहे.

पहाटे त्यांनीच मला हलवून उठवले. “मास्तर, उठा. तुमचं पुस्तक पाहून घ्या.”

मी उठून कठड्याला धरून उभा राहिलो. सांगायला लाज वाटते, पण पहिला विचार आला तो हा, की हा निळा नाही. शिशासारखा होता, मग उजाडत गेले तसा हिरवा झाला, सह्याद्रीच्या डोंगरामागून ऊन आले तेव्हा त्यावर तांब्याचे पाणी चढले. आणि तो सपाट नव्हता. मध्ये कुठे तरी फुगलेला वाटत होता, जणू आपण त्याच्या पोटावर उभे आहोत. आमच्याकडे क्षितिज असते ते जमिनीचे. काळी जमीन, मधून मधून बाभूळ, आणि नजरेला टेकायला काही तरी मिळते. इथे नजर निघाली ती निघालीच. मला मोठ्याने ओरडावेसे वाटत होते. कार्तिकापासून मला काहीही करावेसे वाटले नव्हते. मी ओरडलो नाही; पण कठडा इतका घट्ट धरला की तळव्यांवर गंजाचे डाग उठले, आणि ते दिवसभर मी धुतले नाहीत.

साळवण्याला धक्का नाही. आगबोट लांब उभी राहते आणि पडाव (उघड्या मोठ्या होड्या) उतारूंना काठाजवळ आणतात. शेवटचे कमरेइतके पाणी खलाशी माणसांना खांद्यावर घेऊन ओलांडतात. एका धिप्पाड खलाशाने मामींसमोर पाठ वाकवली. मामींनी त्या पाठीकडे पाहिले, नऊवारीचा काष्टा घट्ट केला, गाठोडे डोक्यावर घेतले आणि सरळ पाण्यात उतरून चालू लागल्या. मी मात्र खांद्यावर बसून गेलो. पडावातल्या लोकांची करमणूक झाली. काठावर पोचल्यावर मी म्हणालो, की मामी, अमावास्या उद्या आहे, तुमचे स्नान आजच झाले. त्या म्हणाल्या, की हे उतरणे होते, स्नान नव्हे. नदी ओलांडताना कोणी संकल्प सोडतो काय?

बापटांचे घर नारळीच्या वाडीत, जांभ्या दगडाचे, थंडगार. विहिरीचे पाणी मात्र उन्हाळ्यामुळे मचूळ झालेले. मामींनी एक घोट घेतला आणि त्यांचा चेहरा खुलला. “घरच्यासारखं लागलं,” म्हणाल्या.

दुपार कलताच आम्ही ती राखीव जागा पाहायला निघालो. गाव संपते तिथे काट्याचे कुंपण, त्यात लाकडी फाटक, फाटकावर पाटी. पाटीवर वरच ठळक अक्षरात ‘राखीव’ असे होते. मी आत शिरलो आणि मागे वळून पाहिले तर मामी फाटकाबाहेर वहाणा काढून उभ्या.

त्यांचे माहेर धारणीच्या वाटेवरचे. मेळघाटातले राखीव जंगल त्यांना लहानपणापासून ठाऊक. तिथे राखीव म्हणजे सरकारचे. काटकी उचलायची तरी पास लागतो, आणि पास नसला तर गार्ड कुऱ्हाड काढून घेतो. त्या काही केल्या आत येईनात. तेवढ्यात तिथला रखवालदार आला. सखाराम त्याचे नाव. काळासावळा, पन्नाशीचा, खाकी अर्धी विजार, डोक्याला लाल पंचा. मामींनी त्याला नमस्कार करून विचारले की पास कुठे मिळतो.

सखाराम बुचकळ्यात पडला. “पास कसला? लोकांनी यावं म्हणून तर राखलंय.”

“राखलं, अन् येऊ बी देता?”

“नाय येऊ दिलं तर राखून काय करायचं?”

 वहाणा हातात घेऊनच मामी आत आल्या आणि परत जाईपर्यंत त्यांनी त्या पायात घातल्या नाहीत.

आणि आत काय होते! मी अधाशासारखा पाहत सुटलो. आधी सुरूचे बन. त्यातून वारा जाताना असा आवाज येतो की समुद्र डोक्यावरच आहे असे वाटते. बनाच्या कडेने केवड्याची दाट रांग. मग मऊ वाळूचा उंचवटा, आणि त्यापलीकडे पटांगणासारखा लांबच लांब किनारा. ओहोटी होती. समुद्र आपली जागा सोडून इतका मागे गेला होता की ओल्या वाळूवर मुलांनी आट्यापाट्यांचे डाव मांडले होते. वकील मंडळी कोट काढून बाकांवर बसली होती. कोळणी, सोनारणी, शाळामास्तरणी, सगळ्या जणी एका झोपाळ्यापाशी आपली पाळी येण्याची वाट पाहत होत्या आणि झोपाळ्यावरच्या बाईला उतर म्हणून टोमणे मारत होत्या. एक म्हातारा शहाळी सोलत होता. आमच्या अमरावतीला वडाळीचा तलाव आहे, चिखलदऱ्याला थंड हवा आहे. पण गावातल्या कोणीही यावे आणि नुसते असावे, यासाठी एवढी जागा मोकळी ठेवलेली मी पाहिली नव्हती. मी खेकड्यांच्या भोकांमागे पळालो. शंख गोळा केले, खिसे भरले, ते टाकून देऊन आणखी चांगले घेतले. एकदा भान आले तेव्हा मामी लांबून माझ्याकडे पाहत होत्या. मी ओशाळून थांबलो. त्यांनी हातानेच खूण केली, की चालू द्या.

दुसऱ्या दिवशी अमावास्येचे स्नान. सकाळी गर्दी होती. मामींनी ओंजळभर पाणी घेतले, सूर्याला दिले, आणि दुसरी ओंजळ चाखली. विहिरीचे पाणी पारखतात तशी जिभेवर घोळवून थुंकली.

“आपल्या विहिरीहून खारं हाय,” असा त्यांनी निकाल दिला. “पण एवढं मोठं हाय तर तेवढं असनंच.”

मग त्या लाटेत बसल्या. लाट आली की डोक्यावरून जाई, गेली की त्या पदर सावरून पुन्हा वाट पाहत बसत, आणि तिसऱ्या-चौथ्या लाटेला त्या हसल्या. मी वच्छलेची आई हसताना कार्तिकानंतर प्रथमच पाहिली. मीही छातीइतक्या पाण्यात गेलो. पाय उचलले गेले, तोंडात खारे पाणी गेले, आणि उलटून पडताना मला हसू फुटले. यावेळी लपवायला खिडकी नव्हती.

बाहेर आलो तर माझे कपडे आणि सोबत आणलेले भूगोलाचे पुस्तक जागेवर नव्हते. भरती चढत होती. धोतर सापडले, पुस्तक एका मुलीने आणून दिले, पावासारखे फुगलेले. वर्गात चंद्र-सूर्य उभे करणाऱ्या मास्तराने अमावास्येच्या उधाणाला ओल्या वाळूच्या रेषेखाली पुस्तक ठेवले होते. ती मुलगी खो खो हसत होती. मी तिला शंख दिले.

संध्याकाळी आम्ही गाठोडी बांधून बंदरावर आलो. आगबोट आली ती दूरवरूनच. पाणी फार उसळत होते, पडाव तिच्यापर्यंत जाईनात. तिने शिटी दिली आणि न थांबता पुढे गेली. खलाशी म्हणाले, असे होते कधी कधी, उद्या येईल. प्रतिपदेलाही तसेच झाले. द्वितीयेच्या सकाळी खुष्कीच्या (जमिनीवरच्या) वाटेची चौकशी केली. घाटापर्यंत बैलगाडी, पुढे मोटार, मग रेल्वे. कसाही हिशेब केला तरी आखाजी वाटेतच गाठत होती.

 बापटांच्या पडवीत मामी भिंतीकडे तोंड करून बसल्या. अमरावतीच्या माझ्या स्वयंपाकघरात कुंभाराकडून आणलेली कोरी घागर उपडी घालून ठेवलेली होती. ती दोघांच्याही डोळ्यांसमोर होती. मी बोलून गेलो, की घागर इथेच भरू. त्या म्हणाल्या, घागर मिळेल, आंबा मिळेल. पाणी?

मला आधी कळले नाही. मग त्यांनी सांगितले. त्यांच्या गावात विहिरी खाऱ्या, म्हणून आखाजीचे पाणी विहिरीचे घेत नाहीत. त्या दिवशी भल्या पहाटे पूर्णेच्या कोरड्या पात्रात जाऊन वाळूत झिरा खणतात (झिरा म्हणजे हाताने उकरलेला खड्डा, त्यात वाळूतून गाळून पाणी येते). ते गोड असते आणि कोणी प्यालेले नसते. कोऱ्या घागरीला कोरे पाणी. वच्छलेच्या आजे-पणज्यांच्या घागरी त्याच पाण्याने भरल्या. अमरावतीहूनही मामी आदल्या रात्रीच गाडी जुंपून नदीवर जाणार होत्या.

“लेक खाऱ्या पान्यावर वाढली माही,” त्या म्हणाल्या. “तुमच्या घरी आली तवा गोड पानी भेटलं तिले. आता पह्यलीच घागर खारी देऊ काय?”

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे लेकीला मूल झाल्याशिवाय आई-बाप तिच्या घरचे पाणी पीत नाहीत. आम्हाला मूल झाले नाही. माझ्या अमरावतीच्या अंगणातल्या विहिरीला साखरेसारखे पाणी आहे, आणि मामी जितक्या वेळा आल्या तितक्या वेळा उन्हातून येऊन तहानलेल्याच बसल्या; येताना स्वतःचा तांब्या घेऊन येत, तो शेजारच्या घरून भरून घेत. वच्छला चुलीपाशी जाऊन रडे. मी हे सारे पाहिले आहे आणि त्यावर बोलण्याची रीत नव्हती.

आखाजीच्या पहाटे आम्ही राखीव जागेत गेलो. आदल्या दिवशी मामींनी इथल्या कुंभाराकडून घागर घेतली होती. तिचा गळा आखूड आहे म्हणून कुरकुर केली होती, पण घेतली होती. ओहोटी पुरती लागलेली होती. मामी सरळ ओल्या वाळूकडे चालू लागल्या. नदीत तसेच करतात. जिथे ओल तिथे झिरा. त्यांनी गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी वाळू उपसायला सुरुवात केली. मीही बसलो. कोपरापर्यंत खड्डा झाला, पाणी पाझरून आले, निवळले, स्वच्छ दिसू लागले. मामींनी ओंजळ तोंडाला लावली.

 त्यांनी ओंजळीतले पाणी तसेच गळू दिले. मग उठून आणखी थोड्या वर जाऊन दुसरा खड्डा सुरू केला. तोही खारा. तिसरा करताना त्यांच्या बोटाला शिंपला लागून रक्त आले. मी त्यांना थांबा म्हणालो, त्या थांबेनात. मी भूगोलाचा मास्तर. समुद्राच्या ओल्या वाळूत समुद्रच पाझरणार हे मला सुचायला हवे होते, पण त्यांच्या शेजारी बसून उकरताना मलाही ती पूर्णाच वाटली होती.

“ह्ये काय चाललंय?” मागून सखारामचा आवाज आला. “वाळू खणायची नाय हितं. पाटी वाचली नाय काय? मास्तर ना तुमी?”

मी उठून उभा राहिलो आणि सगळे सांगू लागलो. मला नीट सांगता येईना. मामी मात्र बसल्या जागेवरून त्याच्या खांद्यापलीकडे पाहत होत्या, बनाच्या कडेला. तिथे केवड्याच्या आडोशाला सुरूची वीतभर रोपे ओळीने लावलेली होती, आणि ती हिरवीगार होती.

“ही रोपं काहून जित्ती हायत?” त्यांनी विचारले.

“पाणी घालतो मी.”

“कोठचं?”

सखाराम जरा घुटमळला. “तितंच. खड्डा हाय एक.”

“म्हंजे तुमी खणता.”

“म्युनिसिपालटीच्या झाडांसाठी खणतो, आजी.”

“म्युनिसिपालटीचं झाड पानी पिते, अन् माही लेक नाई?”

सखारामने पंचा सोडून तोंड पुसले. त्याने मला विचारले, लेक कुठे आहे. मी सांगितले.  मग तो म्हणाला की त्याच्या खड्ड्यातले पाणी कोरे नाही, रोज उपसलेले आहे. त्याच्या शेजारी दुसरा करा, पण लवकर, म्युनिसिपालटीचे अध्यक्षसाहेब फिरायला येतात; आणि झाल्यावर बुजवा. वरच्या बाजूला वाळूखाली पावसाचे पाणी साठून राहते, समुद्रापासून राखलेले, असे त्याने सांगितले.

मामींनी केवड्याच्या मुळाशी खणले. वाळू आधी कोरडी, मग थंड, मग ओली. सखाराम फाटकाकडे नजर लावून उभा होता. मी वाळू मागे लोटत होतो. हाताखाली पाणी आले ते इतके हळू, की आधी फक्त वाळूचा रंग बदलला. आम्ही तिघेही वाकून पाहत राहिलो. खड्ड्याच्या तळाशी वाटीभर जमले तेव्हा मामींनी चाखायला हात घातला आणि मध्येच काढून घेतला. कोरे पाणी आधी आपण पिऊ नये. त्यांनी माझ्याकडे पाहिले. आता कोणी चाखावे हे कोणालाच माहीत नव्हते. शेवटी सखारामनेच नुसते बोट बुडवून जिभेला लावले.

“गोड हाय,” तो म्हणाला.

मामींनी त्याला लगेच विचारले, घरी बायको आहे का, आणि कुंकू लावते ना. तो दचकला. “म्हंजे मी जिवंत हाय तवर लावणारच की,” म्हणाला. मग दुपारी तिला जेवायला पाठवा, असे त्याला सांगून त्या घागर भरायच्या तयारीला लागल्या.

तांब्याने पाणी घ्यायचे आणि घागरीत सोडायचे, नाव घेऊन. तांब्या त्यांनी माझ्या हातात दिला आणि चार पावले मागे सरकल्या. मी खाली बसलो.  मग मी उठलो आणि तांब्या त्यांच्यापुढे धरला.

“मामी, तुम्ही भरा.”

“माहेरचे भरत नाईत, मास्तर. घागर सासरची असते.”

“इथे ना सासर आहे ना माहेर. तुम्ही खणलेत, तुम्हीच भरा.”

त्यांनी तांब्या घेतला. मग खाली बसल्या. “वच्छे,” एवढेच म्हणाल्या आणि पाणी सोडले. अर्धी घागर त्यांनी भरली, अर्धी मी. नंतर आम्ही झिरा बुजवला, आणि सखारामने वरून पाय फिरवून वाळू सारखी केली.

बापटांच्या चुलीवर नारळाच्या करवंट्यांचा जाळ करून मामींनी पुरण शिजवले. आमरस इथल्या हापूसचा. त्यांना तो फार गोड वाटला. सखारामची बायको पारू दुपारी आली ती नवे लुगडे नेसून. आज मासळी शिवली नाही, असे दारातूनच तिने सांगितले. पाटावर बसताना ती क्षणभर अडखळली. तरुणपणी गेलेल्या बाईच्या नावाने जेवायला बसायचे तिला जड जात असावे. तिने विचारले, किती वर्षांची होती हो. मामींनी सांगितले. पारू म्हणाली, माझ्यापेक्षा धाकटी, आणि बसली. पोळ्या इतक्या आवडीने जेवली की मामींना पुन्हा तवा चढवावा लागला. कढीला मात्र तिने नाव ठेवले, आंबट नाही म्हणून.

जेवण झाल्यावर पारूने सहज म्हणून घागरीतले पाणी पेल्यात ओतून सगळ्यांना दिले. लेकीच्या घरचे पाणी आई पीत नाही, या आमच्या रीतीची तिला काय कल्पना. मामींच्याही हातात पेला आला. मी घाबरून पारूकडे आणि मामींकडे पाहत होतो. सांगावे की नाही तेच कळेना. मामींनी पेला कपाळाला लावला. मग वरून न ओतता, ओठांना लावून, सावकाश, थांबून थांबून, त्यांनी तो सगळा प्यायला. पेला खाली ठेवला.

“आणखी एक दे,” त्या पारूला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी समुद्र शांत झाला आणि आगबोट थांबली. ह्या वेळी मला बोट लागली नाही. मी रात्रभर डेकवर उभा राहून पाणी पाहिले. आगबोटीच्या बाजूने लाटांमध्ये निळसर उजेड पेटत होता, आणि मी शेजारच्या अनोळखी माणसाला धरून धरून तो दाखवत होतो.

परतीच्या गाडीत भुसावळ सोडल्यावर आमची काळी जमीन सुरू झाली. उन्हाने तडकलेली, नांगरून उघडी टाकलेली. ती मला कंटाळवाणी वाटेल असे मी समजत होतो. पण मी खिडकी सोडली नाही. आनंद आणि दुखवटा एका घरात राहू शकत नाहीत असे मी धरून चाललो होतो, आणि एकाला आत घ्यायचे तर दुसऱ्याला बाहेर काढावे लागेल, या भीतीने सहा महिने दार लावून बसलो होतो. साळवण्याला ती दोन्ही एकाच सकाळी, एकाच वाळूवर बसली. कोणी कोणाला उठ म्हटले नाही.

अकोला गेल्यावर मामी बोलल्या. लोक मला मुली दाखवत असतील, हे त्यांना ठाऊक होते. “पाहा,” म्हणाल्या. “काहून नाई पाह्याच्या. वय काय तुमचं. पण येणाऱ्या बाईले सांगून ठेवा, आखाजीले आपल्या घरी एक घागर जास्त लागते.” मी सांगेन म्हणालो. पुढे त्या म्हणाल्या, की आता तुमचे आमच्याकडे येणे व्हायचे नाही. ते काही चुकीचे नाही, लेक असली की जावई असतो. हे त्या गाठोड्याची गाठ तपासत, माझ्याकडे न पाहता म्हणाल्या.

मूर्तिजापूर आले. दर्यापूरकडे जाणारी छोटी गाडी तिथून सुटते. मी त्यांचे गाठोडे खाली उतरवले, त्यांना हात देऊन उतरवले, आणि डब्यात परत चढून माझी ट्रंक घेतली. फलाटावर उतरलो तेव्हा गाडीने शिटी दिली होती. मामींनी ट्रंकेकडे पाहिले. 

फाटकावर तिकीट कलेक्टरने माझे तिकीट उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाला, की हे तर अमरावतीचे, तुम्ही इथे कसे उतरलात.

मी उत्तर जुळवत होतो. मामींनी डोक्यावरचा पदर नीट केला.

“जवाई हायत माहे,” त्या म्हणाल्या. “घरी चालले.”